प्लग तापतो, जळका वास येतो, तरी एमसीबी पडत नाही: कुठून तपासायला सुरुवात करायची

विजेमुळे आग लागली की लोक सरसकट ‘शॉर्टसर्किट झालं’ म्हणून मोकळे होतात. पण शॉर्टसर्किट झालं तर धड असलेला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. दुरुस्तीला गेल्यावर पुन्हा पुन्हा समोर येणारा दोष वेगळाच असतो, आणि तो म्हणजे सैल जोडणी. कधी प्लगची पिन सॉकेटात सैल बसलेली असते, कधी सॉकेटमागचा स्क्रू, तर कधी खुद्द एमसीबीचा स्क्रू ढिला असतो. हा दोष एमसीबीला कळत नाही आणि आरसीसीबीलाही (करंट जमिनीकडे गळला की पडणाऱ्या स्विचलाही) कळत नाही. तो नाकाला, कानाला आणि हाताला कळतो. म्हणून आधी लक्षणं पाहू.

लक्षणं

- गिझर, इस्त्री किंवा इंडक्शन बंद करून प्लग काढला की पिना हातात धरवत नाहीत.
- सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसतो, प्लास्टिक किंचित वितळून आत गेलेलं असतं, किंवा प्लग चिकटून बसतो आणि ओढूनच काढावा लागतो.
- स्विचबोर्डातून कर्रर्र किंवा चर्र असा बारीक आवाज येतो. दिवसा तो ऐकू येत नाही. रात्री पंखा बंद करून कान द्या.
- फ्रीज किंवा विहिरीवरचा पंप सुरू झाला की त्याच खोलीतला दिवा फडफडतो.
- खारा बांगडा भाजल्यासारखा वास येतो. स्विच-सॉकेटांची काही प्लास्टिकं तापली की खरोखरच मासळीसारखा वास सोडतात. आपल्याकडे गोव्यात हे लक्षण हमखास चुकतं, कारण असा वास आला की आधी रांधपाकडे (स्वयंपाकाकडे) बोट जातं, नाही तर शेजाऱ्यांच्या. चूल थंड असताना वास येत असेल तर बोर्ड हुंगायला सुरुवात करा.
- एमसीबी पडतो, पण लगेच नाही, दहा-वीस मिनिटांनी. पुन्हा चढवला की राहतो आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा पडतो.

या यादीत नसलेलं एक लक्षण वेगळं सांगायला हवं. वादळात झावळ किंवा फांदी तारेवर पडल्यावर घरातले काही दिवे भगभगीत पेटले, काही मंदावले, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरू लागला, तर हा घरातला दोष नाही. बाहेर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटलेली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं आणि टीव्ही-फ्रीज पेटू शकतात. तपासत बसू नका. मेन बंद करा आणि वीज खात्याला १९१२ वर कळवा. लाईनमन येऊन जाईपर्यंत मेन चढवायचा नाही.

एमसीबी गप्प का बसतो

२ किलोवॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. सॉकेटात पिन सैल असेल आणि त्या ठिकाणी फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला असेल, तर त्या एका टोकावर जवळजवळ ३८ वॉट उष्णता निघते. सोल्डरिंगची साधी काडी २५ वॉटची असते. म्हणजे भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत तुम्ही तिच्याहून जास्त उष्णता देणारी वस्तू रोज अर्धा तास चालू ठेवता. वायरवरचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच टिकावं म्हणून बनवलेलं असतं.

या सगळ्यात करंट मात्र वाढत नाही, झालाच तर किंचित कमी होतो. एमसीबी मोजतो तो करंट. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत पडणार नाही अशाच बेताने बनवलेला असतो, आणि २३ अँपिअरलाही त्याला तासभराची मुभा असते. आठ-नऊ अँपिअर म्हणजे त्याच्या लेखी सगळं आलबेल. आरसीसीबी जमिनीकडे गळणारा करंट पाहतो. इथे गळती नाही, म्हणून तोही शांत. दोष मात्र दिवसेंदिवस वाढत जातो. तापल्यामुळे सॉकेटातल्या पितळी पट्टीचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, तांब्यावर काळी पुटं चढतात आणि पुढच्या वेळी जास्त तापतं.

गोव्यात याला हवा हातभार लावते. मोरजी, कांदोळी, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खारट दमटपणामुळे पितळी स्क्रूंवर हिरवट थर चढतो. सत्तरी-सांग्याकडे मिठाचा त्रास कमी, पण मुंग्या स्विचात घर करतात, पाल बोर्डात अडकून मरते आणि उंदीर कौलांखालच्या वायरी कुरतडतात. त्यातून वर्षभर बंद राहिलेलं गावचं घर चवथीला (गणेशचतुर्थीला) उघडतं. पावसाने ओलसर झालेल्या बोर्डावर एका दिवसात दोन फ्रीज, मिक्सर, इंडक्शन, दिव्यांच्या माळा आणि वीस माणसांचे मोबाईल चढतात. असं घर चवथीच्या आदल्या आठवड्यात तपासून घ्या, आदल्या रात्री नव्हे.

पहिली तपासणी: फुकटची, हाताने

गिझर किंवा इस्त्री वीस मिनिटं चालवा. स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनांना लगेच बोट लावा. कोमट असल्या तर चालतं. बोट ठेवता येत नसेल तर दोष आहे.

आता तो कोणाचा ते ओळखा. तेच उपकरण घरातल्या दुसऱ्या १६ अँपिअरच्या सॉकेटात तेवढाच वेळ चालवा. तिथेही पिना तापल्या तर दोष प्लगात. तिथे थंड राहिल्या तर दोष पहिल्या सॉकेटात. या एका चाचणीने अर्धं काम होतं, तरी बहुतेक जण ती न करता थेट उपकरण दुरुस्तीला नेतात आणि गिझरचा एलिमेंट उगाच बदलून येतात.

सोबत पकडही पाहा. प्लग घालताना थोडा जोर लागला पाहिजे. वायरच्या वजनाने प्लग खाली लोंबत असेल, तर ते सॉकेट संपलं. पिना पसरवून किंवा कागदाची घडी घालून ते घट्ट करू नका.

दुसरी: बेरीज

उपकरणावरचे वॉट भागिले २३० म्हणजे अँपिअर. इस्त्री १००० वॉटची म्हणजे ४.३. केटल किंवा एअर फ्रायर १५०० वॉटचा म्हणजे ६.५. इंडक्शन २००० वॉटवर ८.७. लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे केटल त्यात घातली तर ती पहिल्याच दिवसापासून मर्यादेबाहेर आहे. मोठ्या पिनेचा प्लग लहान सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर बाजारात वीस-तीस रुपयांना मिळतो. मोठ्या पिना मुद्दामच लहान भोकात जाऊ नयेत अशा केलेल्या असतात, आणि हा कन्व्हर्टर नेमकं तेच राखण उठवतो. घरात असेल तर फेकून द्या.

एक्स्टेन्शन बोर्डाला चार सॉकेटं असली तरी मागची वायर एकच असते, आणि स्वस्तातल्या बोर्डांत ती फार बारीक असते. त्यावर मोबाईल, टीव्ही, वायफाय चालतं. तापवणारी वस्तू एकही चालत नाही. वायरचं भेंडोळं करून ठेवलं असेल तर उष्णता बाहेर पडत नाही, तेव्हा वायर पूर्ण उलगडा. ती पायपुसण्याखालून किंवा गादीखालून नेऊ नका.

चवथीच्या मखराचंही इथेच पाहून घ्या. माळेचा प्लग तुटला म्हणून वायरीची उघडी टोकं सॉकेटात घालून काडीपेटीच्या काड्या खोचणं ही पद्धत अजून गेलेली नाही. सैल जोडणीचा याहून शुद्ध नमुना सापडणार नाही, आणि शेजारी थर्माकोल, कापडी पडदे आणि वर सुकत चाललेली माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट) असते. माळेला प्लग लावा, माळ माटोळीच्या पानांतून ओवू नका, समईपासून पडदा हातभर लांब बांधा आणि झोपताना माळ बंद करा.

तिसरी: प्लग बदलणं

इथवर पैसा लागला नाही. चांगल्या आयएसआय खुणेचा १६ अँपिअरचा प्लग शंभर-दीडशेत येतो. उपकरणाचा प्लग सॉकेटातून काढून ठेवला की हे काम घरी करता येतं.

जुना प्लग उघडा. वायरीचं टोक काळं किंवा कडक झालं असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. तांब्याच्या तारा घट्ट पिळून सगळ्याच्या सगळ्या स्क्रूखाली घ्या. चार तारा बाहेर राहिल्या तर तेवढी वायर बारीक झाली असं समजा. टोकाला कथील लावून मग स्क्रू आवळू नका. कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू बसतं आणि काही महिन्यांत स्क्रू आपोआप ढिला पडतो. तपकिरी (फेज) एल ला, निळी (न्यूट्रल) एन ला, हिरवी-पिवळी (अर्थिंग) मोठ्या पिनेला. हिरवी वायर बाकीच्या दोघींपेक्षा जरा लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तरी अर्थिंग शेवटी सुटेल. वायर धरणारी पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर बसली पाहिजे, आतल्या बारीक वायरींवर नव्हे. प्लग बंद केल्यावर वायर ओढून पाहा. ती आत हलता कामा नये.

चौथी: सॉकेट

इथून पुढे भिंतीतली वीज आहे. हात आणि डोकं दोन्ही स्थिर असतील तरच करा, नाही तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

मेन बंद करा. मग इन्व्हर्टर बंद करा. हे निम्मे लोक विसरतात. मेन पाडला की इन्व्हर्टर आपलं काम इमानाने सुरू करतो आणि बोर्ड जिवंत राहतो. छतावर सोलर असेल आणि त्याला बॅटरी जोडलेली असेल तर तेही पाहा. त्यानंतर टेस्टर. आधी चालू असल्याचं माहीत असलेल्या ठिकाणी टेस्टर पेटतो याची खात्री झाल्यावरच मेन पाडायचा. मग या सॉकेटाची तिन्ही भोकं तपासायची. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटी जोडलेली सापडतात. तिथे स्विच बंद असला तरी सॉकेटात फेज असतोच.

बोर्ड पुढे ओढला की तीन गोष्टी पाहायच्या. एक, स्क्रू. अर्धा फेरा फिरला तरी तो सैल होता असं समजा. दोन, वायरीचा रंग. आवरण करपून ठिसूळ झालं असेल, तांबं काळं पडलं असेल, तर तेवढा भाग कापून ताजं तांबं घ्या. कापल्यावर वायर स्क्रूपर्यंत पोचत नसेल तर इथेच थांबा. तुकडा जोडून टेप गुंडाळणं म्हणजे सैल जोडणी सॉकेटातून भिंतीत सरकवणं. उष्णतेने टेपचा डिंक सुटतो. तीन, एका स्क्रूखाली दोन वायरी. एक जाड आणि एक बारीक असली तर जाड वायर दाब खाते आणि बारीक तशीच सैल राहते. कधी एक एकेरी तारेची आणि दुसरी बारीक तारांची असते, तिथेही हेच.

डाग पडलेलं सॉकेट साफ करून पुन्हा बसवू नका, बदलाच. पितळी पट्टीचा ताण एकदा गेला की परत येत नाही. सगळ्या प्रकारच्या पिना घेणारं ‘युनिव्हर्सल’ सॉकेट गिझर-इंडक्शनला लावू नका, त्याची पकड कोणत्याच पिनेवर पुरी बसत नाही.

मुंग्या दिसल्या तर बोर्डात कीटकनाशकाचा फवारा मारू नका. त्यातले वायू पेटतात. मेन बंद करून ब्रशने झाडा आणि पाइपचं तोंड पुट्टीने बुजवा.

पाचवी: डीबी (एमसीबी बसवलेली पेटी), फक्त पाहायची आणि दाबायची

झाकण उघडू नका. हाताची पालथी बाजू एमसीबींच्या रांगेवरून फिरवा. एखादा शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे गरम असेल, तर त्याच्यावर भार जास्त आहे किंवा त्याचा स्क्रू सैल आहे. वर सांगितलेला, वीस मिनिटांनी पडणारा एमसीबी अनेकदा हाच असतो. स्वतःच्या सैल स्क्रूच्या उष्णतेने तो पडतो. त्याला ‘खराब एमसीबी’ म्हणून जास्त अँपिअरचा बसवणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीला १० अँपिअर, २.५ ला १६, ४ ला २० किंवा २५ अशी साधारण जोडी असते. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. १.५ च्या वायरीवर ३२ चा बसवला की वायरच फ्यूज होते, तीही भिंतीत.

जुन्या कौलारू घरांत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि लाकडी बोर्ड आहेत. फ्यूज जाऊ नये म्हणून त्यात तांब्याची जाड तार घातलेली असते. ती दिसली की पुढची तपासणी सोडा, आधी डीबी बदलायची सोय करा. मागच्या लाकडाला वाळवी लागलेली असेल तर ते भुशासारखं पेटतं.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला तर ठीक, नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे. घरात आरसीसीबीच नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या.

पावसात आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून त्याला वळसा घालून सरळ जोडणी करून देणारे कारागीर भेटतात. तसं करू देऊ नका. सगळे प्लग खरोखर उपसून काढा. नुसते स्विच बंद केले तर न्यूट्रल जोडलेलीच राहते आणि गळती तिथूनही होते. मग आरसीसीबी चढवा आणि एकेक प्लग घाला. ज्या प्लगला पडतो ते उपकरण गळतं. अंगणातला दिवा, गिझर आणि पंप हे नेहमीचे संशयित. एकही प्लग नसताना पडला तर वायरिंग ओलं आहे किंवा पंप-गिझर थेट जोडलेले आहेत. पुढचं काम जाणकाराचं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बोर्डातून धूर, ठिणगी किंवा भिंत गरम लागणं. सॉकेट बदलूनही पुन्हा तापणं. गिझर, नळ किंवा फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येणं. करपलेली वायर भिंतीत आत गेलेली असणं. ॲल्युमिनियमची जुनी वायर तांब्याला पिळून जोडलेली दिसणं. डीबीच्या आतलं कुठलंही काम. यातलं काहीही असेल तर ते सर्किट बंद ठेवा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. मीटर आणि खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर वीज खात्याची आहे. तिथे वास किंवा ठिणगी दिसली तर १९१२. मीटरचं सील इलेक्ट्रिशियननेही तोडायचं नसतं.

आग दिसलीच तर हात पोचत असेल तर मेन पाडा. पाणी टाकू नका. एबीसी पावडरचा किंवा सीओटूचा अग्निशामक हाताशी असेल आणि आग एका बोर्डापुरतीच असेल, तर दाराकडे पाठ ठेवून मारा, म्हणजे बाहेर पडायची वाट मागे मोकळी राहते. फॉल्स सीलिंगमध्ये किंवा वाशांत धूर शिरला असेल तर विझवत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा. गावातलं घर असेल तर वाड्याचं (वस्तीचं) नाव आणि जवळचं देऊळ, चॅपेल किंवा पंचायतघर सांगा, आणि एकाला रस्त्याच्या तोंडाशी उभं करा.

इलेक्ट्रिशियन आला की त्याच्याकडून दोन आकडे कागदावर लिहून घ्या. पहिला वायरिंगचा इन्सुलेशन रोध, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) मोजलेला. तो एक मेगाओहमच्या खाली असेल तर ओलावा किंवा कुरतडलेली वायर शोधायला सांगा. दुसरा अर्थिंगचा रोध, आणि तो एप्रिल-मे मध्ये मोजलेला बरा. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक होते आणि अर्थ पिटचा रोध तेव्हा सर्वांत जास्त असतो. पावसात मोजलेला आकडा सगळ्यांचाच छान येतो.

काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी तोच गिझर त्याच सॉकेटावर वीस मिनिटं चालवा, प्लग काढा आणि त्याच्यादेखत पिनांना बोट लावा. तापल्या असतील तर पेचकस पिशवीत जाण्याआधी सांगा.